डाव्या हाताचं दार

आर्यन, सई, तुमच्यापैकी एकाला परवा गाडीचं लायसन्स मिळालं आणि दुसरी सायकलने कॉलेजला जाते. म्हणून आमच्या शेजारच्या मंडपवाल्यांबद्दल आत्ताच लिहायला बसले.

ते जीपचं दार डाव्या हाताने उघडायचे. उतरले की उजवा हात बॉनेटला लावून कपाळाला लावायचे. नव्या माणसाला ती भक्ती वाटायची. ती माफी होती.

झालं असं. मी मंडईतून सायकलवर घरी येत होते. मंडपवाल्यांच्या उभ्या जीपचं दार एकदम उघडलं आणि मी वांग्यांसकट रस्त्यावर. मनगट मोडलं. तुमच्या बाबाचा फोन आला, "आई, आता सायकल बास. कुणाला तरी देऊन टाक."

मंडपवाले तेव्हा शिरा घेऊन आले होते. त्यांनी फोन घेतला. "दादा, चूक दारानं केली, सायकलनं न्हाय."

"आणि दार पुन्हा उघडलं तर?" तुमच्या बाबाने विचारलं.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

सायकल गेली असती, तर कोथिंबिरीच्या जुडीसाठीही मला कुणाची तरी वाट पाहावी लागली असती. मी म्हणाले, "तुम्ही उजवीकडे बसता. दार डाव्या हाताने उघडा. अंग वळतं, मान वळते, मागून येणारं माणूस दिसतं."

"डाव्या हातानं? बाई, गाडी लक्ष्मी हाय."

"मग सायकल देऊन टाकते."

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून पाहिलं, तर आधी डावा हात, मग बॉनेटला नमस्कार. लक्ष्मीची समजूत घातली जात होती.

गल्लीने त्यांना सोडलं नाही. "पावणं, डावरं कधी झाला?"

"झालो की. तूबी हो. फुकट हाय."

दिवाळीत तुमचा बाबा आला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा राहून जीपकडे बघायचा. जाताना सायकलमध्ये हवा भरून गेला.

पुढे मंडपवाल्यांच्या मुलीचं लग्न झालं. कार्यालयाच्या दारात वाजंत्री चालू, व्याही हार घेऊन उभे, आणि यांनी मागे वळून, नीट बघून डाव्या हाताने दार उघडलं. व्याही म्हणाले, "आजच्या दिवशी तरी उजवा हात, पावणं."

"मागनं आमच्या बाई येत असत्यात, सायकलवरनं."

"कोण बाई?"

मी त्यांच्याच जीपमध्ये, शेजारच्या सीटवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जराही न लाजता म्हणाले, "ह्या."

गेल्या वर्षी ते गेले. जीप मुलाने विकली. आर्यन, तुमच्याकडे तिकडे परदेशात स्टिअरिंग डावीकडे असतं, तेव्हा तू उजवा हात वापर.

मी भाजी अजून सायकलवरूनच आणते.