समुद्राला नेसवलेली चुनरी

अंदमानच्या समुद्रात, भाड्याने घेतलेल्या चांगल्या धडधाकट शिडाच्या बोटीचं इंजिन मी एका चुनरीने बंद पाडलं. चुनरी जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानातली. लाल, अकरा हात लांब, काठाला जरीचा गोटा लावलेली. दुकानदाराने विचारलं होतं, "दीदी, कहाँ चढ़ानी है? ग्वारीघाट, नर्मदाजी को?" आणि मी मान ताठ करून म्हणाले होते, "नहीं भैया, समुंदर को." त्याने असं काही चमकून पाहिलं, की माझी अर्धी सहल तिथे दुकानातच वसूल झाली.

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी जेमतेम चौसष्ट वर्षांची, अगदीच अल्लड. आता फार अक्कल आली आहे असं नाही, पण गुडघे आखडल्यामुळे मूर्खपणाचा वेग कमी झाला आहे.

सहल मुलीने ठरवली होती, यांच्या सत्तरीनिमित्त. हे म्हणजे माझे यजमान. यांनी सगळी नोकरी जबलपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात काढली. व्यापारी वारे, मोसमी वारे, कुठून कुठे वाहतात त्याचे बाण फळ्यावर काढून काढून यांच्या सदऱ्याची उजवी बाही कायम पांढरी असायची. या वाऱ्यांवर जहाजं जग फिरून आली, असं पोरांना सांगायचे. स्वतः बसले होते फक्त भेडाघाटच्या नावेत, आणि तिला वल्ही असतात. मुलीने विचारलं, "बाबा, तुम्हाला काय पाहिजे?" तर ज्या माणसाने उभ्या संसारात दुसरा कप चहा तोंडाने मागितला नाही, तो म्हणाला, "एकदा नुसत्या वाऱ्याने चालणाऱ्या बोटीत बसायचं होतं. नाही जमलं तरी चालेल."

मुलगी बंगळुरात असते. मराठी तिला समजतं सगळं, बोलताना मात्र हिंदीवर घसरते. तिने चार दिवसांसाठी कप्तानासकट बोट घेतली. इकडे जबलपुरात, चेरीतालच्या आमच्या महिला मंडळात मी जाहीर केलं, "आम्ही यॉट घेतली." 'भाड्याने' हा शब्द माझ्या घशात अडकला तो अडकलाच. एकीने विचारलं, "काय करता एवढ्या बोटीचं?" मी म्हणाले, "हिंडून राहू." जणू आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या गलबतंच होती.

बोटीवर पोचताच घराण्याची झाक उतरली. मी नेली होती लोखंडासारखी कडक, मोठ्ठी सुटकेस. यॉटवर मऊ पिशव्या न्यायच्या असतात, घडी करून कुठेही कोंबता येतात अशा, हे मुलीने तीनदा सांगितलं होतं. पण कांजीवरम काय पिशवीत कोंबायची? कप्तानाने सुटकेस पाहिली, मग खालची खोली पाहिली आणि म्हणाला, "माताजी, इसमें आप सोएँगी या ये?" दोघी झोपलो. सुटकेस पसरून, मी पाय पोटाशी घेऊन.

कप्तान म्हणजे काळा चष्मा, दंडावर गोंदवलेला नांगर आणि अंगात आळस. सकाळी इंजिन सुरू करायचा, ते संध्याकाळपर्यंत घों घों घों. शीड आपलं निळ्या खोळीत गुंडाळून ठेवलेलं, लग्नघरी माळ्यावर गाद्या ठेवतात तसं. या बेटावरून त्या बेटावर आम्ही डिझेलच्या वासात हिंडलो. हे रोज आंघोळ करून, कानटोपी घालून डोलकाठीखाली बसायचे आणि वर त्या खोळीकडे बघायचे. पंगतीत बसलेल्याला वाढायचं विसरावं आणि त्याने नुसतं वाढप्याकडे बघत राहावं, तसं.

"अहो, सांगा ना त्याला, शीड उघड म्हणून."

"कामात आहे तो. त्याला कळत नसेल का?"

मुलीने एकदा विचारून पाहिलं. कप्तान म्हणाला, "हवा ठीक नहीं है, दीदी. इंजन में आराम है." हे तो सांगत होता तेव्हा त्याच ठीक नसलेल्या हवेने माझा पदर डोळ्यांवर उडून बसला होता. मी पदर खाली ओढला, पण बोलले काहीच नाही. कारण मी कामात होते. सुकाणू धरून, मुलीचा गॉगल लावून, मंडळाच्या ग्रुपवर पाठवायचे फोटो काढून घेत होते. कप्तानाशी भांडले असते तर फोटोत चेहरा बिघडला असता. चौसष्टाव्या वर्षी चेहऱ्याची काळजी करणारी बाई, बिचारी!

असे तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी परत बंदराला निघायचं होतं. बोट एका छोट्या खाडीत नांगरलेली. यांनी डोलकाठीखाली बसून वर पाहिलं, मग पहिल्यांदाच कानटोपी काढली आणि घडी करून खिशात ठेवली. मला कसंतरी झालं. पण मला कसंतरी झालं की मी जे करायला हवं ते करत नाही, देवाचं काहीतरी काढते. मला चुनरी आठवली.

आमच्याकडे नर्मदेला चुनरी चढवतात. एक टोक या काठाला धरायचं, दुसरं नावेतून त्या काठाला न्यायचं. झालं, नर्मदामाई नेसली. नर्मदेकाठची बाई समुद्राला रिकाम्या हाताने भेटून जाणार, हे कसं दिसतं?

हे म्हणाले, "अगं, आपली नर्मदा पश्चिमेला जाते. हा पूर्वेचा समुद्र. याचा न् तिचा काही संबंध नाही."

"काहून नाही संबंध? पाणी पाण्याला ओळखत नाही का?"

"असं पोरांनी पेपरात लिहिलं, तर मी शून्य देत होतो."

शून्य तर शून्य. इथे दुसरा काठ नव्हता, म्हणून मी एक टोक बोटीच्या मागच्या कठड्याला पक्कं बांधलं आणि बाकीची चुनरी हात जोडून पाण्यात सोडली. काय सुंदर पसरली! कप्तान पुढे नांगर उचलत होता. तो मागे आला, त्याने गिअर टाकला. खर्रर्र झालं, बोटीला एक हिसका बसला आणि घों घों बंद.

कप्तानाने घाईने पुन्हा नांगर टाकला आणि मागे वाकून पाहिलं. "ये क्या है?"

"चुनरी."

"किसकी?"

"समुंदर की."

तो चाकू घेऊन पाण्यात उतरला. बऱ्याच बुड्या मारून वर आला तेव्हा मुठीत थोडा जरीचा गोटा होता. "माताजी, इंजन के पंखे में पूरा लिपट गया है. पिघल के चिपक गया. नहीं निकलेगा." मुलीने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "आई, ये आपने क्या किया?" मी म्हणाले, "पूजा." फोनला नेटवर्क नव्हतं. दुपारपर्यंत बंदरात पोचायचं होतं. कप्तानाने चष्मा काढला, खाली बारीक डोळ्यांचा एक साधा घाबरट माणूस निघाला. तो निळ्या खोळीकडे बघत म्हणाला, "अब तो यही खोलना पड़ेगा. दीदी, आप स्टीयरिंग पकड़िए. अंकल, ये रस्सी खींचेंगे?"

अंकल! दळण आणायला सांगितलं की ज्यांच्या कमरेत उसण भरायची, ते हे गृहस्थ टुणकन उठले. दोरी ओढली, पुन्हा ओढली, आणि ते भलंमोठं पांढरं शीड फडफडत वर गेलं. क्षणभर नुसता फडफडाट. मग वारा भरला आणि बोट एका कुशीवर कलली. खालचे कप घरंगळले, माझा बेसनाच्या लाडवांचा डबा या टोकापासून त्या टोकाला गेला, सुटकेस आडवी झाली. मी डोलकाठीला मिठी मारून नर्मदामाईपासून गल्लीतल्या मारुतीपर्यंत सगळ्यांना हाका घातल्या. चुनरी ज्याला चढवली त्या समुद्राचं तेवढं नाव घेतलं नाही, तोंड नव्हतं.

इंजिन नाही, तर पाण्याचाच आवाज. हे शिडाखाली उभे, पायजमा फडफडतोय, दोन्ही हातांत दोरी. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात ओरडले, "ईशान्येचे वारे आहेत हे! हिवाळ्यात ईशान्येचेच!"

"हाँ अंकल, वही हैं," कप्तान म्हणाला.

"मला माहीत आहे!" हे मराठीतच त्याच्यावर खेकसले. आणि लगेच कठड्यावरून वाकून यांनी सकाळचं सगळं समुद्राला दिलं. तोंड पुसलं, परत दोरी धरली. मी "सोडा ती दोरी, बसा" म्हणाले, तर ऐकलंच नाही. तासन् तास सोडली नाही.

बंदराच्या तोंडाशी एका लहान होडीने आम्हाला ओढून आत नेलं. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मी यांच्या सोललेल्या तळव्यांना खोबरेल लावत होते. मुलगी शेजारच्या खोलीत होती, माझ्याशी अबोला धरून. आता हेही बोलणार म्हणून मी मान खाली घालून बसले होते. यांनी दुसरा तळवा पुढे केला. मग म्हणाले:

"रोज सकाळी मी कप्तानाला शीड उघडायला सांगायचं वाक्य मनात पाठ करून राहिलो होतो, ते काही तोंडातून निघालं नाही. चुनरी अडकली ते बरं झालं. आता एक कर. कोणी विचारलं तर उलटी तुझ्या लाडवांनी झाली म्हण. जन्मभर वारे शिकवले मी, वाऱ्याने उलटी झाली हे चांगलं दिसत नाही."