अक्का, थोडे दिवस येऊ नको

इथं आखातात, फिंतासच्या आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी कुणी जेवायला असलं की अक्का सकाळीच यायची. ती कडप्पाकडची, जलीबच्या कामगार वस्तीत चौघींबरोबर एका खोलीत राहायची. कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देऊन आणणाऱ्या मालकाच्या, घरी मार खाऊन खाऊन एक दिवस ती बाहेर पडली. त्यानं तिचा इकामा, इथं राहायचा परवानाच, रद्द करून टाकला, आणि तेव्हापासून ती पोलिसांना चुकवत चार घरची कामं करत होती. आम्हाला हे सगळं ठाऊक होतं. तरी ठेवलं होतं, कारण तिच्यासारखी झुबैदी, म्हणजे इथलं पापलेट, कुणी साफ करत नाही आणि ती जास्त मागत नाही. लॅबमध्ये उभं राहून माझे पाय दुखतात, हे कारण लोकांना सांगायला.

त्या शुक्रवारी नवऱ्याच्या बँकेतले एक मित्र बायकोला घेऊन आले होते. आदल्याच दिवशी जलीबमध्ये चेकिंग होऊन बसगाड्या भरभरून माणसं नेली होती. मित्र म्हणाले, कायदा कडक केला ते उत्तमच झालं, असली माणसं हाकललीच पाहिजेत, यांच्यापायी आपलं नाव खराब होतं. मीही ‘हो ना’ म्हटलं. अक्का तेव्हा भाकरी वाढत होती. मराठी घरांत इतकी वर्षं काढलेल्या बाईला एवढं मराठी कळतं, हे मला पक्कं माहीत होतं. मी ताटात मान घालून माशाचे काटे काढत बसले.

जेवणं उरकतात तोच पाहुण्यांच्या मुलाचा अमेरिकेहून फोन आला. शिकायला गेलेला, नोकरी गेली, व्हिसा संपला, तरी दुसरी मिळेल या आशेवर तिथंच थांबलेला. परदेशी लोकांना पकडून परत पाठवणारं जे खातं आहे, त्याला भरमसाट पैसा देणारा कायदा तिकडे मंजूर झाला होता. आता नवी माणसं भरणार, धरपकड वाढणार. पोरगा खोलीबाहेर पडायला घाबरत होता.

त्याची आई तिथंच रडायला लागली. मित्र येरझारा घालत म्हणाले, “या लोकांना माणुसकी म्हणून काही आहे की नाही?” मला त्यांचा संताप आला. मग माझंच ‘हो ना’ आठवलं.

अक्का पाणी घेऊन आली आणि त्या आईच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

पाहुणे गेल्यावर नवरा म्हणाला, “अक्काला आता बोलावू नकोस. पकडली आणि आपलं नाव सांगितलं, तर आपलाच इकामा जाईल.” त्याचं चूक नव्हतं. मी वादही घातला नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिला म्हटलं, “अक्का, कुछ दिन मत आना. तुम्हारे लिए ही बोल रही हूँ.” हे असं शहाजोगपणे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, याचीच मला जास्त लाज वाटते.

बाकीच्या घरांनीही तेच सांगितलंय, एवढंच ती म्हणाली. हातातली कढई घासून पालथी घातली. दारात चपला चढवता चढवता वळली.

“मॅडम, वो दीदी के बच्चे का खबर आया तो मेरे को फोन करना.”

तो मुलगा गेल्या महिन्यात पुण्याला सुखरूप पोहोचला. अक्काचा नंबर माझ्याकडे आहे. पण फोन केला की ती कुठं आहे तेही विचारावं लागेल, म्हणून मी अजून केलेला नाही.