ट्रूडॉनची मनगटं

संग्रहालयात तिला सगळे पिसेवहिनी म्हणायचे. मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यात भुसा भरून त्यांना जिवंत दिसायला लावणं, हे तिचं काम. घुबड असो की बगळा, अस्सल नमुना समोर असायचा. वादाला जागाच नसायची. मग मोठ्या साहेबांनी तिच्या गळ्यात डायनासोर बांधला.

तोही अवाढव्य नव्हे. ट्रूडॉन नावाचा, कमरेइतका उंच, दोन पायांवर पळणारा, पाखरासारखा शिकारी. वहिनीने फायबरचं धड घडवलं, त्यावर सरड्यासारखी खवलं रंगवली. जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, "सुरेख! पण याला पिसं हवीत."

"होती का त्याला?"

"याची सापडली नाहीत. याच्या भाऊबंदांची सापडलीत, दगडात ठसे आहेत."

भाऊबंदांच्या भरवशावर वहिनीने पिसं डकवायला घेतली. कोंबडीची, टर्कीची, एकेक करून. घरभर पिसं झाली. नवरा जेवताना ताटातलं पीस चिमटीत धरून दाखवायचा आणि ताटाशेजारी नीट मांडून ठेवायचा. त्या मांडण्याचाच तिला जास्त राग यायचा.

अंगभर पिसं चढली आणि बाई परत आल्या. "मनगटं चुकलीत हो. तळवे जमिनीकडे नकोत. टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर हवेत."

"हे आधी नाही सांगता आलं?"

"आधी माझं लक्ष पिसांकडे होतं."

वहिनीने दातओठ खात करवत आणली. नवी मनगटं बसली, पिसं पुन्हा डकली, तोवर बाई तिसऱ्यांदा दारात. आता म्हणे नावच बदलायचं. ते मुळात एका सुट्या दातावरून ठेवलेलं, आणि एवढ्याशा दातावरून प्राणी नक्की कुठला, ते सांगता येत नाही.

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. "एका दातावरून नाव ठेवून मोकळे झालात, आणि मी इथे बोटं चिकटवून घेतेय! एकदाचं काय ते ठरवा ना!"

बाई स्टुलावर टेकल्या. "ठरलं असतं तर काय हवं होतं? दर वेळी वाटतं, झालं एकदाचं. मग नवं हाड निघतं आणि माझंच जुनं लिखाण खोटं पडतं. उभी हयात गेली यात."

वहिनीचा राग काही निवला नाही, पण तिने थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. "रंग तरी बरोबर आहे का?"

"रंग याचा कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे कुणी येऊन चुकला म्हणणार नाही?"

"आज तरी नाही."

वहिनीने उठून दाराला आतून कडी घातली. साहेब ठोठावून थकले. मान गर्द निळी झाली, पाठ राखाडी, शेपटीवर तांबूस पट्टे. बाई ब्रश धुऊन देत होत्या.

"जरा भडक नाही वाटत?" दार उघडल्यावर साहेब म्हणाले.

"तुम्ही पाहिला होता का खरा?" वहिनीने विचारलं.

दालन उघडलं, तेव्हा पाटीवरचं लांबलचक नवं नाव कुणी वाचलं नाही. पहिल्याच गृहस्थाने बायकोला सांगितलं, "अगं, कोंबडी बघ केवढी!" वहिनीने कपाळावर हात मारला. तरी गर्दी ओसरेपर्यंत ती तिथेच उभी होती.