रिकामे खिसे

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सगळी गल्ली कडककाका म्हणे. कडक असायची ती फक्त कॉलर. माणूस म्हणाल तर मेणाहून मऊ. लोक कपडे टाकायचे ते खिशातल्या ऐवजासकट. चाव्या, औषधांच्या गोळ्या, बायकोपासून लपवलेल्या चिठ्ठ्या! काका सगळं पुडीत बांधायचे आणि टाचणीने कपड्यालाच लावून परत द्यायचे.

मग एका कोटाच्या खिशातली सोन्याची अंगठी गेली आणि कोर्टाने काकांना चोर ठरवलं. चार महिने आत काढून झाल्यावर अपिलात एक फोटो पुढे आला. कोट काकांच्या टेबलावर असतानाच कोटमालक एका वाढदिवसाला केक कापत होते आणि अंगठी त्यांच्याच बोटात दिमाखात चमकत होती. शिक्षा रद्द. काका निर्दोष.

गल्लीने हार घातला, मिठ्या मारल्या, कपड्यांचा ढीग आणून टाकला. काकूंनी निकालाची फ्रेम करून दुकानात टांगली. काका मात्र एकेक कपडा चाचपत बसले.

"आता काय झालं? तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" काकूंनी विचारलं.

"खिसे बघ."

एकूण एक खिसा रिकामा. काही खबरदार मंडळींनी तर अस्तर उलटं बाहेर काढूनच पँट पाठवली होती.

"कोर्टाने सोडलं गं," काका म्हणाले, "गल्लीने नाही."

"बरंच की! पुड्या बांधायचा त्रास वाचला," काकू म्हणाल्या आणि उगाचच फ्रेम पुसत बसल्या.

तरी काका रोज प्रत्येक खिशात हात घालून बघत. दोन महिने नुसती हवा. मग एका सकाळी शाळेच्या निवृत्त मोठ्या बाईंच्या कोटात हाताला काहीतरी चावरं लागलं.

कवळी! वरची आणि खालची, दोन्ही!

"शी! ठेवा ते खाली!" काकू किंचाळल्या. काका कवळी उजेडात धरून हिऱ्यासारखी न्याहाळत होते.

तेवढ्यात तोंडावर पदर धरून बाई धावत आल्या. "अये, माझे दात लाहिले का ले खिशात?"

"बाई, कपडे देताना खिसे नाही तपासले?"

"तुझ्याकडे देताना कशाला तपाछायचे, मेल्या?"

काकांनी पुडी बांधली. टाचणी लावता लावता त्यांनी वर पाहिलं.

"बाई, परत एकदा म्हणा ना."

"थांब," बाई म्हणाल्या, "आधी दात तल घालू दे."