तबेल्यातली न्हाणी

शेवंतीबाई, घाटकोपरच्या प्रसूतिगृहाच्या कोनशिलेवर ट्रस्टींची नावं आहेत, रंगकाम करणाऱ्या कंत्राटदाराचंही आहे. तुमचं नाही. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही; मला वाटतं, म्हणून लिहिते. यातली नवशिकी डॉक्टरीण म्हणजे मीच. पण गोष्ट तुमची, तेव्हा मी आपली बाजूला उभी राहते.

तर, त्रेपन्न साल. एका पारशी शेटचा जुनापुराणा बंगला ट्रस्टने प्रसूतिगृहासाठी दुरुस्त करून घेतला. सागवानी जिना, रंगीत काचा, सगळं जसंच्या तसं राखलं. खाटा आल्या, डॉक्टरीण आली. बायका मात्र राहीनात. येत, बघत आणि शेजारच्या चाळीत परत जात.

शेवंतीही दिवस भरत आलेल्या सुनेला, जानकीला, घेऊन बघायलाच आली. जानकीचं पहिलं मूल चाळीतच, सुईणीच्या हातात गेलं होतं. त्याला पुरून आल्यावर शेवंतीचा मुलगा दशरथ कितीतरी दिवस कामावर गेला नव्हता. ते पुन्हा बघायची तिची छाती नव्हती. पण म्हणून सुनेला कुठंही टाकायची?

"न्हाणी खंय आसा?"

डॉक्टरणीने शेटचा विलायती टब दाखवला.

"ह्येच्यात? बाळंतिणीक म्हशीसारखी डुंबवतलास?"

"नर्स अंग पुसून देईल."

"पुसूक ती काय पाट आसा? कढत पाणी होया, शेक होयो. चल गो जानकी."

जानकी हलली नाही. जिन्याचा कठडा घट्ट धरून म्हणाली, "आये, माका हयच ऱ्हवाचा आसा."

सून पहिल्यांदाच उलटून बोलली होती. तेवढ्यात डॉक्टरीण वैतागली, "मग तुम्हीच दाखवा, कुठं करायची न्हाणी!"

शेवंती खरंच निघाली. बंगल्याला वळसा घालून मागच्या तबेल्यात शिरली. खाली उताराची फरशी, पाणी वाहून जायला पन्हळ, कोपऱ्यात घोड्यांचे चणे शिजवायची चूल.

"हयसर."

ट्रस्टी श्यामकांतराव धावत आले. "अहो, जुना तबेला आहे हा! इथं आमची अँब्युलन्स उभी राहणार."

"घोड्याक आंघोळ चलता, बाळंतिणीक नाय चलणा?"

डॉक्टरणीला हसू आवरेना. "अँब्युलन्स आली की चिंचेखाली उभी करा," ती म्हणाली. श्यामकांतराव धुसफुसले, पण कबूल झाले. एकही दगड हलवावा लागला नाही. आडोशाला तट्ट्या बांधल्या, चूल सारवली, हंडा चढवला.

जानकीच्या कळा त्याच आठवड्यात सुरू झाल्या. मूल पायाळू. पहिलंही तसंच होतं, हे शेवंतीला ठाऊक होतं. सगळ्या चाळीला पुरून उरणारी ती बाई जिन्याच्या पायरीवर गावच्या देवीला नवस बोलत बसून राहिली. दार उघडलं की उठायची, नर्स नुसतीच पळत गेली की पुन्हा बसायची. आपण उगाच न्हाणीचा हट्ट धरत बसलो, आत काय चाललंय कोण जाणे, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

आणि मग आतून टाहो ऐकू आला.

डॉक्टरीण घामाघूम होऊन बाहेर आली. "मुलगी. दोघीही ठीक आहेत."

"रडता मां बरा?"

"अहो, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येता गो! रडांदे. रडांदे मेली!" म्हणत शेवंती स्वतःच रडायला लागली, आणि रडतारडता हसायलाही.

दुसऱ्या दिवसापासून तबेल्यातून शेगडीचा, ओव्याचा, धुपाचा वास थेट चाळीपर्यंत जायला लागला. पंधरवड्यात खाटा भरल्या. शेवंती तिथं न्हाऊ घालायला जी राहिली ती हात थरथरायला लागेपर्यंत.

नात बाराव्या दिवशी पाळण्यात पडली तेव्हा शेवंतीबाई, तुम्ही मला बजावलं होतंत, "हात तुझो, नवस माझो. गावच्या सातेरीदेवीची ओटी दोघींनी मिळान भरूची." ठरलं. पुढच्या बोटीने मालवणला जायचं. दर खेपेला निघायच्या वेळी कोणीतरी बाई कळा देत दारात उभी. मग तुम्ही चूल पेटवायचात, मी हात धुवायची, आणि बोट आपली निघून जायची. ओटी तेवढी भरायची राहूनच गेली.