पाचवं पाऊल

सन दोन हजार बावीस. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी पुढच्या सोप्यातल्या खुर्चीवर बसून मी एका अनोळखी बाईला माझ्याच दारात चढ-उतार करताना बघत होतो. पन्नाशीची, काटकुळी, खांद्याला कापडी पिशवी. चपला तिनं खाली गल्लीतच काढल्या होत्या. चार दगडी पायऱ्या चढायची, पाचवं पाऊल सोप्यात टाकायची, वळायची आणि परत खाली. दोनदा झालं. तिसऱ्यांदा ती डोळे मिटून चढली आणि पाचव्या पावलाला तिचा अंगठा काठाला लागला. डोळे उघडून ती खाली वाकली आणि त्या काठावरनं हात फिरवू लागली.

मी ओरडलो, "काय वो बाई, पायऱ्या मोजायला आलाय, का म्हातारीला बघायला?"

"आधी जमीन, मग माणूस," ती म्हणाली. "माणूस कुठं पळून जातंय, मिस्त्री?"

ही नसीमबाई. पडून उठलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना चालायला शिकवायचं आणि पुन्हा पडू द्यायचं नाही, हे तिचं काम. गल्लीत तिला 'व्यायामाची बाई' म्हणायचे. माझी बायको हौसा महिन्यापूर्वी मोरीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात सळई घातली. सोडताना डॉक्टर माझ्या तोंडावर म्हणाले होते, "आजोबा, ह्या पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत." आमची लेक सुनंदा पन्हाळ्याला दिलेली. तिनं चौकशी करून ह्या बाईला धाडली होती.

मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. पण गवंडीकामात माझं नाव होतं. गड्यानं भिंत दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर नेली, तर ती त्याच्याच हातानं पाडायला लावायचो. ओळंबा खोटं बोलत नाही, हे मी सगळ्यांना ऐकवायचो. आणि हे घर तर मी माझ्या हातानं बांधलेलं. तिथं एक परकी बाई येऊन अंगठ्यानं पायरी चाचपते, हे मला पटलंच नव्हतं.

नसीमबाई मूळची गडहिंग्लजकडची. त्यामुळं तिकडच्या कानडी वळणानं हौसाला पहिल्या दिवसापासनं 'अव्वा', म्हणजे आई, म्हणू लागली. तिची आई न्हाणीच्या ओल्या दगडावरनं घसरली आणि आठ महिने अंथरुणात पडून गेली, एवढंच तिनं स्वतःबद्दल कधीतरी सांगितलं. बाकी बडबड सगळी आमच्याबद्दल. आल्या आल्या तिनं दारातलं पायपुसणं गुंडाळून माळ्यावर टाकलं. पाण्याचा माठ वाकावं लागू नये एवढ्या उंचीवर ठेवायला लावला. हौसाच्या लुगड्याचा घोळ चार बोटं वर घ्यायला लावला.

"अगं बाई, घोटं दिसत्यात की!" हौसा लाजली.

"दिसू देत. ह्या वयात कोण बघतंय? बघितलं तर मिस्त्रीच बघणार."

हौसा पदर तोंडाला लावून हसली. खुबा मोडल्यापासनं पहिल्यांदा.

कुणी 'नशिबात होतं, पडली' असं म्हटलं की नसीमबाईला राग यायचा. "पडणं कपाळात नसतं, घरात असतं," ती म्हणायची. "शोधलं की सापडतंय." बघायला येणारा प्रत्येक जण हौसाला सांगायचा, 'आता जपून राहा, बसून राहा.' नसीमबाई त्यांच्यादेखत तिला उठवायची. "बसून राहिलेलंच माणूस पडतंय, अव्वा. चला, कट्ट्याला धरा. टाचा वर. सावकाश खाली. घाई कुणाची न्हाई." स्वैपाकघरातल्या कट्ट्याला धरून माझी बायको लहान पोरीसारखी टाचा उचलायची. रोज्यांच्या महिन्यातसुद्धा घशात थेंब न घेता ही बाई भर उन्हात यायची आणि हौसाचा सगळा भार आपल्या खांद्यावर घ्यायची.

मी खुर्चीवरनं हसायचो. एके दिवशी ती माझ्याकडं वळली. "मिस्त्री, जरा उभं ऱ्हावा. एका पायावर. मी दहा म्हणेपर्यंत."

"आगं, परांचीवर जल्म गेला माझा. तीन मजल्यावर फळीवरनं पाटी घेऊन चाललोय."

"मग दहा काय अवघड हाय तुम्हाला?"

चार म्हणेपर्यंत मी भिंतीला हात टेकला. हौसा बघत होती. नसीमबाईनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती भिंतीवरनं हात फिरवत म्हणाली, "भिंत भक्कम हाय. कुणी बांधली?" कुणाची लाज कशी झाकायची, हे त्या बाईला फार चांगलं कळत होतं. त्या दिवसापासनं मी तिच्यासमोर बसून हसणं बंद केलं. पुढच्याच आठवड्यात मोरीत धरायला लोखंडी पाइप मी स्वतः बसवला. तिनं तो दोन्ही हातांनी हिसकून बघितला आणि म्हणाली, "हत्ती लोंबकळला तरी निघायचा न्हाई."

आमच्या सोप्यात आणि आतल्या खोलीत शहाबादी फरशी आहे. तिच्या सांध्यावरनं हौसाला चालवायचं तिनं ठरवलं. एका पावलाच्या बोटाला दुसऱ्याची टाच लावायची आणि सांधा सोडायचा नाही. "काय सरळ सांधा धरलाय वो मिस्त्री! दुसऱ्या घरात मला खडूनं रेघ मारायला लागती." मला बरं वाटलं. ते काम होतंच तसं.

आता त्या फरशीचं सांगायलाच पाहिजे. घर बांधलं तेव्हा आत सिमेंटचा कोबाच होता. कोब्याच्या हिशोबानं मी दारातल्या पायऱ्या बसवल्या, एकेक पाऊल सहा इंच उंच, सूतभर फरक नाही. पण हौसाला शहाबादी फरशी पाहिजे होती. लोकांच्या घरात तुम्ही एवढी फरशी घालता, मला एकदा आपल्या घरात फरशी पुसायची आहे, म्हणायची. मी कोब्यावरच फरशी घातली. जीव लावून घातली. सोपा दीड इंच वर आला आणि शेवटचं पाऊल साडेसात इंचाचं झालं. पायऱ्या उकरून पुन्हा बसवायला पाहिजे होत्या. दुसऱ्याच्या घरी मी गड्यांना ते करायला लावलं असतं. माझ्या घरी मी म्हणालो, कोण बघतंय. पंचेचाळीस वर्षं कुणी बघितलं नाही.

हौसाला पायऱ्यांवर न्यायची वेळ आली तेव्हा नसीमबाईनं पिशवीतनं पोलादी टेप काढली आणि माझ्यासमोर पाचही पावलं मोजली. "चार सहा-सहा इंच. हे साडेसात. पाय चार पावलांत उंची शिकतो, मिस्त्री. पाचव्याला तेवढाच उचलतो आणि अडकतो. हे तेवढं नीट करून घ्या."

"तुझी टेप खोटी हाय."

"मग तुमची आणा."

मी आणली नाही. "माझ्या कामात चूक काढणारा अजून कोल्हापुरात जल्माला यायचाय," मी म्हणालो. "उद्यापासनं यायचं न्हाई हिथं."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ती दारात. "पायरी तुमची हाय, पण पाय माझ्या पेशंटचा हाय," म्हणाली आणि त्या काठावर पिवळी चिकटपट्टी लावून आत गेली. मी ती उचकटली. तिनं पुन्हा लावली. तीनदा असं झालं. चौथ्यांदा मी कंटाळलो आणि पट्टी राहिली. हौसाला तिनं शिकवलं, "चार पायऱ्या तुमच्या, अव्वा. पाचवीला जरा मान द्यायचा. थांबायचं, पिवळं बघायचं, मग पाय उचलायचा." हौसा रोज पिवळं बघून पाय उचलायची. चौथ्या महिन्यात ती काठी टेकत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. नसीमबाई चार पावलं मागं चालत होती, हात पुढं करून, पण न शिवता.

पाचव्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाची बैठक आमच्या घरी ठरली. मुलीकडचे पाहुणे यायचे होते. सकाळी मी दारात उभा राहिलो आणि ती पिवळी पट्टी माझ्या डोळ्यांत खुपली. पावणं काय म्हणतील, मिस्त्रीच्या पायरीला ठिगळ? मी कलथ्यानं ती खरडून काढली. बैठक झाली, पाहुणे घराचं कौतुक करून गेले. पट्टी पुन्हा लावायची मला आठवण झाली नाही, असं मी लोकांना सांगितलं. खरं म्हणजे आठवण होती. लावायची नव्हती.

नसीमबाई त्या आठवड्यात सुट्टीवर होती. तिसऱ्या दिवशी हौसा भाजीवालीकडं खाली गेली. मी आत चहा पीत होतो. काठीचा आवाज ऐकला, एक, दोन, तीन, चार. मग आवाज झाला तो काठीचा नव्हता. मी बाहेर गेलो तर ती अर्धी सोप्यात, अर्धी पायरीवर. हातातली कोथिंबिरीची पेंडी तिनं सोडली नव्हती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी बघितलो न्हाई."

ती पुन्हा उठली नाही. पंधरवड्यानं दवाखान्यातच गेली.

नसीमबाई आली ती माणसं पांगल्यावर. पायऱ्या चढली, पाचव्या पावलाशी थांबली. काठावर पट्टीचा चिकटा अजून होता, त्यावर धूळ बसली होती. मला वाटलं, आता बोलंल. बोलावंच, असं मला वाटत होतं. पण ती आत आली, हौसाच्या रिकाम्या कॉटला पाठ लावून जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. माझ्या आधी ती रडली.

चौदाव्या दिवशी दहा वाजता ती पिशवी घेऊन दारात.

"आता कशाला आलीस? पेशंट ऱ्हायली न्हाई."

"हाय की एक. चार म्हणेपर्यंत भिंत धरतोय. उठा."

आठवड्यातनं दोनदा ती यायची. मी कट्ट्याला धरून टाचा उचलायचो. हौसाच्या फरशीच्या सांध्यावरनं चालायचो. मधेच मी तिला म्हणायचो, "बोल की एकदा काय बोलायचं ते." ती म्हणायची, "पाय बघा, मिस्त्री. दोन पावलं पुढं बघा." दीड वर्ष झालं. पायरीचं नाव तिनं काढलं नाही आणि मीही काढलं नाही. तीच पायरी चढून ती यायची, उतरून जायची.

मग एके दिवशी ती म्हणाली, आज शेवटचं. गडहिंग्लजला तिचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता, त्याच्याकडं बघायला कुणी नव्हतं. घर सोडून ती कायमची चालली होती. त्या दिवशी मी एका पायावर उभा राहिलो, तिनं दहा मोजले, मी भिंतीला हात लावला नाही. तिनं पिशवी उचलली. मी दारापर्यंत गेलो आणि मला राहवलं नाही.

"नसीम, ते पाऊल चुकलंय. मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय. पट्टी मी काढली. हौसाला मी मारली."

ती खाली तिसऱ्या पायरीवर होती. वळली नाही. "अव्वालाबी ठावं हुतं," ती म्हणाली. "फरशी घातली त्याच दिवशी अंगठा लागला हुता त्यांचा. रगात आलं हुतं. मी टेप लावली तवा मला मागं बोलावून म्हणाल्या, 'त्यांना आता काय बोलू नको पोरी. फरशी मी मागितली म्हणून पायरी चुकली. मी उचलतो की पाय.'"

मी चौकटीला धरून उभा होतो.

"मीच तुमच्यापुढं जास्त भांडायला पाहिजे हुतं," नसीमबाई म्हणाली. "पट्टीवर समाधान मानलं मी. ते माझ्याकडं ऱ्हायलंय." मग खाली उतरून तिनं चपला घातल्या. "सावकाश आत जावा, मिस्त्री. घाई कुणाची न्हाई." आणि गेली. गल्लीच्या वळणापर्यंत मी बघत होतो. ती खाली बघत नव्हती, दोन पावलं पुढं बघत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी माळ्यावरनं थापी, पहार आणि सुताची दोरी खाली काढली. दीड इंच पाच पावलांत वाटला, तर एकेका पावलाच्या वाट्याला अडीच सूतसुद्धा येत नाही. एवढंच काम होतं. हौसाच्या फरशीला मी हात लावला नाही. खाली गल्लीत उतरलो, पाय फाकवून, एक हात भिंतीला टेकून नीट बसलो आणि सगळ्यात खालच्या पायरीच्या सांध्यात पहार घातली.