चाळीस वाकळांचं जेवण

निपाणीकडच्या ठकुबाई लेकीपाठोपाठ बेंगळुरूला आल्या, त्याला बारा वर्षं झाली. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या काचेच्या इमारतींमागच्या गल्लीत त्यांनी अकरा बायका जमवल्या आणि जुन्या साड्यांच्या वाकळा शिवायला शिकवलं. टाका इतका सरळ, की पट्टी लावून बघावा; तोंड मात्र सदा चालू.

यंदा गटाला जर्मनीची पहिली ऑर्डर आली. चाळीस वाकळा. माल पसंत पडला तर वर्षभराचं काम, म्हणजे बायकांची लोकांघरची धुणीभांडी सुटणार. परदेशी पत्रव्यवहार बघायचा सुशांत, पुण्याहून नोकरीला आलेला शेजारी.

माल न्यायला गाडी येणार त्या सकाळी तो अटींचा कागद शेवटचं एकदा वाचत होता. "आत धान्य, बियाणं काही नसावं. हे तर नसेलच."

ठकुबाईंचा हात थांबला. "जोंधळं हाईत की. चाळिसातबी."

"मावशी! ज्वारी? कशाला?"

"शेवटचा कोपरा मिटताना चिमूटभर घालायचंच. उपाशी वाकळ ऊब देत न्हाई."

सुशांतने कपाळाला हात लावला. गटाची चिटणीस पवित्रा मात्र हसत सुटली. "ठकुअक्का, तिकडं पेरणी करायचा विचार हाय काय?"

गाडी चार वाजता. बाराही जणी कोपरे उसवायला बसल्या. दीडपर्यंत भांडंभर ज्वारी निघाली. पण पुन्हा शिवायला ठकुबाई सुई उचलेनात.

"अक्का, वेळ न्हाई गं!"

"परक्या मुलखात, थंडीत, उपाशी धाडू? माझ्यानं न्हाई व्हायचं."

शेवटी ठकुबाईच उठल्या. "आत घातल्यावरच पोट भरतं असं कुठं हाय? जेवून निघू द्या की!"

त्यांनी घरातल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या, ठेचा वाटला. वाकळांची चळत भिंतीशी रचून समोर ताट ठेवलं, भोवती पाणी फिरवलं. "कण उडेल, लांब ठेवा, अजून लांब!" म्हणत सुशांत ताट सरकवत राहिला, ते पार उंबऱ्याबाहेर गेलं. तिथेच सगळ्यांनी प्रसाद खाल्ला. त्याने स्वतः तीन भाकऱ्या संपवल्या. मग हात दोनदा धुऊन बाराही जणींनी कोपरे मिटले. चारला पाच मिनिटं कमी असताना शेवटची गाठ बसली.

महिन्याने निरोप आला. माल पसंत, पुढच्या खेपेला साठ हव्यात.

बायका टाळ्या पिटत होत्या. ठकुबाई पवित्राला म्हणाल्या, "साठ जणांचं जेवान हाय. पीठ जरा जास्तीचं दळून आण."